शंभर फुटी यंत्राचा उसासा

२ फेब्रुवारी

पुढेमागे माझ्यावर कुणी पुस्तक लिहायला घेतलंच, तर त्या बिचाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून आजपासून दैनंदिनी लिहिणार आहे. बायको म्हणाली, "लिही, लिही. निदान तेवढा वेळ बोलणार तरी नाहीस."

आज दिग्दर्शकांचा फोन आला. 'अवजड' पुन्हा थिएटरात लागतोय! पंचवीस वर्षांनी, नव्या लखलखीत चित्रासह.

पुस्तक लिहिणाऱ्यासाठी थोडी माहिती. 'अवजड'मध्ये शहरं पाडण्यासाठी बनवलेलं शंभर फूट उंचीचं एक यंत्र आहे. त्याआधीच्या सिनेमांतली यंत्रं नुसती गुरगुरायची आणि गोळ्या झाडायची. आमचं यंत्र पाऊल टाकायचं, धम्म, आणि मग हळूच उसासा सोडायचं. प्रेक्षक वेडे झाले. यंत्राला मन असतं का, यावर लोकांनी लेख लिहिले. त्या पावलांचा आवाज मी केला. चित्रीकरण झाल्यावर पडद्याकडे बघत पावलं, दारं, कपड्यांची सळसळ असे आवाज करून देणारा जो माणूस असतो, तो मी. त्या उसाशावर मी आजवर भाषणं दिली आहेत. 'पोकळीतल्या हवेचं तत्त्व' असा त्यातला एक भाग तर फारच गाजला.

त्यानंतर मात्र मी मालिकांमधली दारं लावली आणि जाहिरातींमध्ये लोकांच्या वतीने कुरकुरीत पदार्थ चावले. पण नाव आहे ते 'अवजड'चं.

आनंदाच्या भरात माळ्यावरचं जुनं पोस्टर काढायला स्टुलावर चढलो. खाली पाय टेकवला आणि मागून आलाच. सासूबाईंचा तो श्वास. नाकातून, लांब, तोंडाने एक अक्षर न बोलता माणसाचा पार कचरा करणारा. मी कप टेबलावर ठेवला की तो येतो. गाडी भिंतीला लावली की येतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण जावई पसंत नाही हे सांगायचं त्यांनी एक दिवस सोडलेलं नाही.

५ फेब्रुवारी

दिग्दर्शकांच्या कचेरीत नवा 'अवजड' पाहिला. चित्र इतकं स्वच्छ झालंय की बघवत नाही. यंत्र ज्या बावीस मजली इमारतीला टेकून उभं राहतं, ती बुटांच्या खोक्यांची आहे हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. आता ते जगाला कळणार. आठव्या मजल्यावर 'आकार ७' असं स्पष्ट वाचता येतं. दिग्दर्शक म्हणाले, "लोकांना वाटेल, तो मजल्याचा नंबर आहे." मी म्हणालो, "आठव्या मजल्यावर?" त्यांनी चित्र पुढे सरकवलं.

पण खरी बातमी वेगळीच. पावलांच्या आवाजाची मूळ टेप गोदामातल्या ओलीने बुरशी येऊन मेली. जुन्या प्रतीत पावलं आहेत, पण त्यांच्यावर ढोल आणि किंकाळ्या असे चिकटलेत की वेगळे करता येत नाहीत. सगळी पावलं नव्याने करावी लागणार.

"जमेल?" दिग्दर्शकांनी विचारलं. आता ते कानाला यंत्र लावतात.

"डोळे मिटून," मी म्हणालो.

"नाही जमलं तर सांग. संगणकावर पावलं करून देणारी एक कंपनी आहे. मग श्रेयनामावलीत नाव त्यांचं जाईल."

माझं नाव उतरवणार! मी हसून म्हणालो, "साहेब, ज्याने बाळाला जन्म दिला त्याला अंघोळ घालता येणार नाही का?"

६ फेब्रुवारी

काम सुरू. पद्धत जुनीच. नवं लग्न झालं तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीशेजारी लोहारकाम चालायचं, म्हणून मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आवाज करायचो. त्यांचा लोखंडी खल दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचा आणि ओल्या पोत्यावर सोडायचा. तो टेपवर घ्यायचा आणि टेप चौपट हळू लावायची. खलाची शंभर फुटी तंगडी होते. अगदी साधं आहे. साधेपणातच प्रतिभा असते.

आता सासूबाई आमच्याकडे राहतात आणि खलही त्यांच्याबरोबर आलाय. आतल्या खोलीत पोतं अंथरलं, माइक लावला, अनवाणी उभा राहिलो (चपला करकरतात) आणि खल उचलला. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या चपला आणून समोर ठेवल्या.

"आधी या घाला."

"आई, आवाज येतो."

"येऊ दे."

कलेतलं कुणाला काय सांगणार! मी चपला बाजूला सारून खल सोडला. धम्म. आणि लगेच मागून तो श्वास. पुन्हा उचलला, सोडला. पुन्हा श्वास. दर वेळी. संध्याकाळी संगणकावर बसून प्रत्येक पावलामागून तो श्वास कापला आणि कापलेले तुकडे पुसूनही टाकले. हात दुखले, पण शेवटी पावलं आरशासारखी स्वच्छ झाली.

९ फेब्रुवारी

दिग्दर्शकांनी पावलं ऐकली. डोळे मिटून, मान हलवत. मग म्हणाले, "पाऊल अगदी तेच आहे. उसासा कुठाय?"

"तो काय, करतो आता."

"अरे, त्याच्यासाठीच तर लोक येणार आहेत."

इथे खरं लिहायला हरकत नाही, कारण ही वही कुणी वाचत नाही (पुस्तक लिहिणाऱ्याने हे पान वगळावं). उसासा मी कसा केला होता, ते मला आठवत नाही. मी तो केल्याचंच आठवत नाही. टेप हळू लावली तेव्हा तो तिथे होता. मला वाटलं, प्रतिभेच्या भरात केला असेल. पोकळीतल्या हवेचं तत्त्व नंतर भाषणासाठी बसवलं.

११ फेब्रुवारी

उसाशासाठी आज काय काय केलं:

सायकलचा पंप. सायकलच्या पंपासारखा आला.

सोफ्याच्या उशीवर बसलो. जो आवाज आला तो यंत्राच्या तोंडी देता येणार नाही.

बायकोला म्हटलं, तू एक उसासा सोड. ती म्हणाली, "कशासाठी?" म्हटलं, यंत्राला माणसांची कीव आलीय असं समज. तिने प्रयत्न केला आणि खो खो हसत सुटली. चौपट हळू लावून ऐकलं तर घरात रेडा शिरल्यासारखं वाटलं.

दिवसभर सासूबाई दारात. मी पंप खाली ठेवला की श्वास, उशीवरून उठलो की श्वास.

१२ फेब्रुवारी

आज तोंडून नको तो शब्द गेला. दुपारी उशीच्या कव्हराला शिट्टी लावून प्रयोग करत होतो. स्टुलावर उभा होतो, कारण हवा वरून खाली यायला हवी. जवळजवळ जमत आलं होतं. उतरलो आणि मागून श्वास! माझं डोकं फिरलं.

"आई, तुमच्या या नाकातल्या वाऱ्यामुळे माझं काम होत नाहीये. थोडे दिवस लेकाकडे जाऊन येता का?"

त्यांनी उठून पिशवी भरली. जाताना माझा चहाचा कप टेबलाच्या काठावरून आत सरकवला आणि बायकोला म्हणाल्या, "यांच्याकडे बघ."

माझी चहाडी करायची असेल. मेहुणा येऊन घेऊन गेला. बायको माझ्याशी बोलत नाहीये. घरात इतकी शांतता आहे की टाचणी पडली तरी ऐकू येईल. कामाला याहून चांगली संधी नाही.

१५ फेब्रुवारी

टाचणी नाही, कप पडला. टेबलाच्या काठावर ठेवला होता. गेली कित्येक वर्षं तिथेच ठेवतो, कधी पडला नाही. हल्लीच्या टेबलांमध्ये काही राम नाही.

संध्याकाळी गाडी लावताना आरसा भिंतीला घासला. हेही पहिल्यांदाच. माझे ग्रह फिरलेत.

उसासा नाही.

१८ फेब्रुवारी

दिग्दर्शक फोनवर म्हणाले, "परवा त्या कंपनीची माणसं येतायत."

जुनी प्रत पुन्हा संगणकावर लावून बसलो. वैतागून चित्र भरभर पुढे पळवलं. यंत्र कोंबडीसारखं दुडुदुडु चालायला लागलं. तेवढ्यात बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आई कधी आली?"

"कुठे आलीय?"

"अरे, आत्ता आवाज आला की तिचा."

तिने आतली खोली बघितली, जिना बघितला. आई आलेली नव्हतीच. बायकोचे कान वाजले, दुसरं काय. एवढ्या नाजूक क्षणी असलं काहीतरी काढून लक्ष विचलित करायचं म्हणजे हद्द झाली. आज आणखी काही घडलं नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी दात घासता घासता तसाच फेसासकट संगणकाकडे धावलो.

चित्र पुन्हा चौपट वेगाने लावलं. ढोल टिपऱ्यांसारखे, किंकाळ्या चिमण्यांसारख्या. आणि प्रत्येक पावलामागे, नाकातून, लांब, सासूबाई!

पंचवीस वर्षं. लेख, भाषणं, पोकळीतल्या हवेचं तत्त्व! एका माणसाने त्या उसाशावर आधारित पंधरा कडव्यांची कविता मला पाठवली होती. आणि पहिल्याच दिवशी मी घेतलेल्या प्रत्येक पावलामागे तो होता आणि मी स्वतःच्या हाताने कापून काढून टाकला!

बायकोला ऐकवलं. ती जमिनीवर बसून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही कळसा तू माझ्या भावाकडे पाठवून दिलास." मग हसायची थांबली. "जा. घेऊन ये तिला. आणि नीट बोल."

२० फेब्रुवारी

गेलो. सासूबाई मेहुण्याच्या गॅलरीत शेंगा सोलत होत्या. वाटेत छान भाषण तयार केलं होतं. त्यातलं "आई" एवढंच आठवलं. मग सगळं सांगून टाकलं. यंत्र, टेप, बुरशी, कंपनी.

"म्हणजे माझ्या नाकातल्या वाऱ्याचं काम पडलंय," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. मेहुण्याने खुर्ची पुढे केली, पण बसवेना. आजवर इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"येईन," त्या म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे. ते लोखंड उचलताना हे घालायचं." मेहुणा बांधकामावर असतो. त्याचे पुढून लोखंडी टोपी असलेले बूट त्यांनी माझ्यासमोर ठेवले. आधीच काढून ठेवले होते. मला वाटलं, फरशीवर ओले पाय उमटतात म्हणून असणार. असल्या वेळी अटींचा अर्थ कोण विचारतो! बूट दोन नंबर मोठे आहेत.

दिग्दर्शकांना फोन करून म्हटलं, कंपनीला चार दिवस थोपवा.

२२ फेब्रुवारी

सर्वनाश. सकाळपासून बूट घालून खल आपटतोय. धम्म, आणि मागे शांतता. धम्म, शांतता. सासूबाई खुर्चीवर निवांत शेंगा सोलतायत. एकदा तर डुलकी लागली.

"आई, सोडा ना!"

"काय सोडू?"

"श्वास!"

मग त्यांनी मुद्दाम सोडला. देवा! नाटकात पहिल्यांदाच काम करणाऱ्या बाईने प्रेक्षकांकडे बघत सोडावा तसा. वर विचारतात, "बरा आला का? की थोडा खालच्या पट्टीत देऊ?" दिवसभर त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे दिले. सगळे वाया. त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं फुकट दिला तेव्हा तुम्हाला नको होता."

कंपनीला होकार कळवा, असं उद्या दिग्दर्शकांना सांगणार आहे. नाव गेलं तर गेलं. जेवण गेलं नाही, तर बायकोने न विचारता ताट झाकून ठेवलं.

२३ फेब्रुवारी

दुपारी खोलीत इतकं उकडलं की बुटांत पाय शिजायला लागले. काम तर संपलंच होतं. बूट फेकले, पोतं गोळा करायचं म्हणून अनवाणी वाकलो आणि त्यावरचा खल उचलून बाजूला ठेवला.

मागून आला. तो. अस्सल.

मी वळलो. सासूबाईंचा हात छातीवर होता. सोललेले दाणे मांडीवरून खाली सांडले होते.

मी पुन्हा खल उचलला. त्यांचा श्वास थांबला. खरंच थांबला, मी बघत होतो. खाली ठेवला. सुटला.

"आई," मी विचारलं, "तुम्हाला माझा राग येतो म्हणून नाही हा श्वास?"

"राग?" त्या चिडल्याच. "तुमच्या हाताला कधी धरबंध होता का? कप काठावर, स्टूल तीन पायांवर, गाडी भिंतीला चिकटून. आणि हे एवढं लोखंड, खाली उघडे पाय! लेकीचं नुकतं लग्न झालेलं. रोज वाटायचं, आज जावई पाय फोडून घेणार. खाली पडलं की माझा जीव भांड्यात पडायचा. सुटकेचा सुस्कारा आहे तो. राग कसला?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"चपला पुढे ठेवल्या की. अजून किती बोलायचं जावयाला?"

मला रडू आलं. तसं लिहितो. बावन्न वर्षांचा माणूस, हातात खल, आणि घळाघळा रडू. त्यावर त्या म्हणाल्या, "आधी ते खाली ठेवा, मग रडा."

२४ फेब्रुवारी

सगळी पावलं झाली. अनवाणी. सासूबाईंना हाताच्या अंतरावर बसवलं आणि मधे दुसरा माइक. प्रत्येक पावलाला त्यांना खरोखर धास्ती वाटत होती, मला कळत होतं, आणि मी खल अगदी जपून सोडत होतो. विचित्र काम होतं. त्यांना घाबरवल्याशिवाय होणार नव्हतं आणि घाबरवताना मला वाईट वाटत होतं. मध्ये मध्ये चहासाठी थांबलो. कप मी टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यांनी ते बघितलं.

शेवटचं पाऊल सर्वांत अवघड. यंत्र झोपलेल्या शहरावर पाय उचलून धरतं आणि मग दोन घरांच्या मधल्या गल्लीत अलगद ठेवतं. तेही झालं. उसासा असा आला की माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने मी खल डोक्यावर उचलला.

पुढचं बायकोच्या हातून लिहून घेतोय, कारण मी दवाखान्यात पाय उंच करून पडलोय. उजव्या पायाचा अंगठा. माइक चालूच होता. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "पंचवीस वर्षं वाट बघत होते. एकदाचं झालं." (हे वाक्य बायकोने स्वतःहून घातलं आहे.)

२७ फेब्रुवारी

दिग्दर्शकांनी कानातलं यंत्र काढून, दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवून पावलं ऐकली. म्हणाले, "तोच." कंपनीला नको म्हणून कळवलं.

माझी किंकाळीही त्यांनी ठेवून घेतली. चौपट हळू केल्यावर ती फार खानदानी वाटते. शेवटी यंत्र कोसळतं तिथे घालणार आहेत.

श्रेयनामावलीबद्दल त्यांना मी जे सांगायचं ते सांगितलं. पोकळीतल्या हवेच्या तत्त्वाला इथेच मूठमाती.

१४ मार्च

थिएटर तुडुंब. सासूबाईंनी 'अवजड' पाहिलाच नव्हता. त्यांना कुणी नेलंच नव्हतं. मला तेव्हा वाटलं होतं, बघून नाक मुरडतील. आज मधल्या खुर्चीवर त्या, एकीकडे मी पायाच्या गाठोड्यासह, दुसरीकडे बायको.

बावीस मजली इमारत आल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "सात नंबर. तुमच्या सासऱ्यांच्या बुटांचं खोकं." पुढच्या दोन रांगा वळल्या.

पण पहिलं पाऊल पडलं आणि थिएटर गप्प झालं. धम्म. मग चारी भिंतींतून, जमिनीतून, शंभर फूट उंचीवरून तो उसासा आला. त्यांनी माझं मनगट धरलं. "हे मी?" मी मान हलवली. पुढे सिनेमाभर सोडलं नाही. माझी किंकाळी आली तेव्हा मागच्या रांगेतली बाई हुंदके देऊन रडली. ते दुःख अगदी खरं आहे, हे तिला कोण सांगणार!

शेवटी नावं आली. 'पावलं' म्हणून माझं. त्याखाली, तेवढ्याच अक्षरात, 'उसासा' म्हणून त्यांचं पूर्ण नाव. त्यांनी चष्मा आणला नव्हता. म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. म्हणाल्या, "पुन्हा." तोवर ते पडद्यावरून गेलं होतं, पण मी पुन्हा वाचलं.

बाहेर चाहत्यांनी त्यांना घेरलं. एकदा करून दाखवा, आजी! त्यांनी दाखवला. तोच नाटकातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण चेहरे जरा पडलेच. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "संगणकावर बराच सुधारलेला दिसतोय."

मग जिना. एका पायाने उतरायचं, कुबडी सांभाळत. पुढे गर्दी, मागे गर्दी, माझ्या पाठीशी सासूबाई. चौथ्या पायरीवर कुबडी सटकली, मी झोकांडी खाल्ली आणि कठडा पकडला.

मागून आला.

शेकडो चाहते त्या जिन्यावर होते. पंचवीस वर्षं त्या आवाजावर जीव टाकणारे. एकालाही कळलं नाही, सगळे बोलत खाली उतरत राहिले. मी एकटाच थांबलो.

"मध्ये थांबू नका," सासूबाई म्हणाल्या, "मागे माणसं खोळंबलीयेत."

मी पुढची पायरी बघितली, कुबडी नीट टेकवली आणि जपून पाऊल टाकलं.